तीन नंबर प्रेस आणि सहदेव घाडीचं गाऱ्हाणं

सहदेव घाडीला "कसा आहेस?" असं विचारायची चूक असल्फ्याच्या डोंगरावर नवीन राहायला आलेला माणूसच करायचा. आम्ही जुने लोक लांबूनच हात वर करून सटकायचो. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडं तयार असायचं आणि ते "बरा" असं नसायचं. गुडघा धरलाय, नळाला गढूळ पाणी आलंय, वरच्या चाळीची भिंत फुगलीय, ती वेळेत उतरवली नाही तर संडासावर येणार. सगळं ओळीनं. बोलताना चेहरा रडका वगैरे नसायचा. भाजीवाला भाव सांगतो तसा तो सांगायचा.

भिंत खरंच आली आणि संडासावरच आली. आत कोणी नव्हतं, कारण आठ दिवस हा पठ्ठ्या तिथं उभा राहून, डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पलीकडच्या टोकाला पिटाळत होता. त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिली नाही. "ह्याच्याच काळ्या तोंडान पडली," असं बायका म्हणाल्या.

आम्ही दोघं एका गावचे, देवगडाच्या बाजूचे. घाडी म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेलं घर. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. नारळ ठेवून घाडी देवापुढं उभा राहतो आणि गावात काय काय बिनसलंय ते मोठ्यानं, नावानिशी सांगतो. कुणाचं जनावर गेलं, कुणाच्या विहिरीला पाणी नाही, कुणाच्या घरात ताप शिरलाय. प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका दमात "होय म्हाराजा!" म्हणतो. आणि एकदा "होय म्हाराजा" म्हटलं की ते मागं घ्यायचं नसतं, मग तुम्ही खोत असा नाहीतर गडी असा. हे सगळं मालवणीतच व्हावं लागतं. पुस्तकी मराठीत घातलं तर देव तो अर्ज समजून बाजूला ठेवील.

सहदेव अठरा वर्षं लालबागच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात होता. काम एकच. समोरून कापड सरकत जायचं आणि त्यातला डाग, तुटका धागा, विरळ जागा हेरून खडूची खूण करायची. चांगलं कापड त्याला दिसतच नसे, दिसायची गरजच नव्हती. अठरा वर्षं अशी नजर वापरल्यावर ती रविवारी सुट्टीवर जात नाही.

मग ब्याऐंशीचा संप आला. आयुष्यात एकदाच, त्या संपात, सहदेवानं चांगलं होणार असं धरून ठेवलं. रोज कोणीतरी सांगायचं की पुढच्या सोमवारी भोंगा वाजणार, आणि हा टाळ्या वाजवायचा. भांडुपला वॉचमनची जागा चालून आली होती, ती त्यानं नाकारली. गिरणीचा पास दीड वर्षं शर्टाच्या खिशात होता. शर्ट धुताना त्याची बायको, प्रेमावहिनी, तो काढून ठेवायची, वाळला की परत घालायची. एकदा विसरली. पासाचा लगदा झाला. तेव्हा सहदेवानं तो लगदा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "बरा झाला. आता कामाक जातंय."

लोक म्हणतात, संपानं तो असा झाला. मला नाही पटत. तो मुळातच असा होता. मधली दीड वर्षं त्याला आशेचा ताप आला होता, इतकंच.

त्यानंतर तो साकीनाक्याला टिपणीस साहेबांच्या कारखान्यात लागला. मी तिथं आधीपासून दोन नंबर प्रेसवर होतो. पत्र्याची शेड, चार पॉवर प्रेस, बारा माणसं. माल म्हणजे दाराच्या बिजागऱ्या. प्रेसखाली पत्रा ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, वरून ठोका पडतो, पत्र्याला भोकं पडतात, पत्रा काढायचा, पुढचा ठेवायचा. सहदेव टोकाच्या टेबलावर तयार माल तपासायचा. तीन नंबरवर कुंदा बसायची. रत्नागिरीकडची, पस्तिशीची. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, तो घरात छताकडं बघत बसलेला, दोन मुली शाळेत. सगळं घर तिच्या दोन हातांवर.

विद्याधर टिपणीस माणूस वाईट नव्हता. राहायला मुलुंडला, शिकलेला इंजिनीयर. वडील अचानक गेले आणि कारखाना अंगावर पडला. मोठी गिऱ्हाइकं तुटत होती. रात्र रात्र झोप नाही, डोळ्यांखाली काळं. शहाऐंशीच्या गणपतीआधी कुणीतरी त्याला अंधेरीच्या एका हॉटेलात तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथून तो परत आला तो दुसराच माणूस होऊन. चेहरा तुकतुकीत, हातात कॅसेटचा डबा.

"मित्रांनो," आम्हाला गोळा करून तो म्हणाला. मित्रांनो! आम्ही मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. "आपण जसा विचार करतो, तसंच आपलं होतं. वाईट विचार केला की वाईट घडतं. आजपासून या कारखान्यात 'नाही' हा शब्द नाही."

"मगे आता काय म्हणालात?" सहदेव मागून म्हणाला. "'शब्द नाही' म्हणालात ना?"

साहेब हसला. तेव्हा तो खूप हसायचा.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर चिठ्ठ्या आल्या. 'मी करू शकतो.' 'आज उत्तम दिवस आहे.' सकाळी आठला मशिनी सुरू करायच्या आधी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि तीनदा म्हणायचं, "मी आनंदी आहे, सगळं चांगलंच होणार आहे." आम्हाला गंमत वाटली. कुंदाला मात्र ते खरंच लागू पडलं. घरी आरशासमोर उभी राहून ती म्हणायची. मला एकदा सांगत होती, "हसू नकोस रे. सकाळी उठून नवऱ्याचं तोंड बघितलं की वाटतं, नको आता काही. मग ते म्हणते आणि निघते." मी हसलो नाही.

सहदेव रांगेत उभा राहायचा, टाळ्या वाजवायचा, तोंड बंद.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते वहीमुळं. दाराजवळ सुतळीला बांधलेली एक काळी वही असायची. कुणाची मशीन कुरकुरली, पट्टा सैल झाला की त्यात लिहायचं. शनिवारी शिवदास फिटर यायचा, वही वाचायचा आणि एकेक दुरुस्त करून जायचा. साहेबानं ती वही काढून कपाटात टाकली आणि तिथं पिवळ्या पुठ्ठ्याची 'आनंदवही' बांधली. त्यात फक्त चांगलं लिहायचं. पहिल्या शनिवारी शिवदास आला. त्यानं वाचलं, 'सर्वांचे वागणे प्रेमळ.' 'आज चहात आलं होतं.' त्यानं मान डोलावली, आलं घातलेला चहा प्यायला आणि घरी गेला. पुढचे तीन शनिवार तेच.

नवरात्र बसलं त्या आठवड्यात सहदेवाला तीन नंबरच्या मालात काहीतरी दिसलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझ्या डब्याशेजारी पाच बिजागऱ्या ठेवल्या. "बघ."

मी बघितल्या. भोकं बरोबर होती. पण प्रत्येक भोकाला लागून एक बारीक चंद्रकोर उमटलेली.

"दोनदा ठोको पडलो," तो म्हणाला. "पाय एकदाच दिल्लो, मशीन दोनदा पडली. एका ठोक्यार मशीन थांबयता ती क्लचची चावी झिजली असतली. आणि ह्या बघ. दुसरी खूण सरकली हा. म्हणजे पत्रो हलल्लो. पत्रो कसो हलतलो?"

मी डबा बाजूला सारला. पत्रा आपोआप हलत नाही. कुणीतरी तो उचलायला बोटं घातली, तेव्हाच हलतो. पाच बिजागऱ्या म्हणजे पाच वेळा कुंदाची बोटं तिथं होती आणि केसाच्या अंतरानं बाहेर आली होती. तिला कळलंही नव्हतं.

सहदेव त्या पाच बिजागऱ्या घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"घाडी, हजारात पाच," साहेब म्हणाला. "तुम्ही नऊशे पंचाण्णव चांगल्या बघितल्यात का?"

"नाय. त्यांका माझी गरज नाय."

"तेच तर! तुम्ही खोट शोधता म्हणून तुम्हाला खोट सापडते."

"साहेब, माका त्यासाठीच ठेवलास ना?"

"मी काय म्हणतो ते समजून घ्या. अपघात कशानं होतात? भीतीनं. तुम्ही त्या बाईच्या डोक्यात हे भरवलंत तर तिचा हात थरथरेल. थरथरला की झालंच."

"हात थरथरल्यान मशीन पडता की चावी झिजल्यान?"

साहेबानं हातातली बिजागरी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, आणि खरं सांगतो, त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "घाडी, चार महिने डोळ्याला डोळा नव्हता, आता कुठं मला झोप लागायला लागलीय. तुमचं हे रोजचं ऐकलं की पुन्हा सगळं उलटं फिरेल असं वाटतं मला. दसऱ्यापर्यंत बदला. नाही जमलं तर दसऱ्यानंतर येऊ नका."

"नाही" हा शब्द त्यानंच काढला, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहदेव सरळ कुंदाकडं गेला आणि त्या बिजागऱ्या तिच्यासमोर मांडल्या. कुंदा बघून पांढरी पडली, मग भडकली. "दादा, तुमच्या पाया पडते, माझ्यासमोर हे आणू नका. मी कशीबशी इथं बसते. आता दिवसभर मला ह्याच दिसणार. तुम्हाला काय मिळतं हो असं बोलून?"

"माका काय मिळाचा? चिमटो वापर गो. चिमट्यान पत्रो काढ."

"चिमट्यानं निम्मा माल होतो. निम्म्या मालावर मला ठेवतील का?"

सहदेवानं बिजागऱ्या गोळा केल्या. तो आपल्या टेबलाकडं परत गेला. त्या दिवशी बाकीच्यांसारखंच मीही तोंड शिवून बसलो, हे इथं सांगून टाकतो.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असायची. मशिनी पुसायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या आणि बाराजणांत नऊ कोकणातले म्हणून गाऱ्हाणं सहदेवानं घालायचं, हे साहेबाच्या वडिलांपासून चालत आलेलं. साहेब त्याच्याजवळ आला, हळूच म्हणाला, "घाडी, आज फक्त चांगलं मागा हं. वाईट एक शब्द नको."

"साहेब, चांगला मागूक आधी वायट सांगाक लागता. देवाक काय सपान पडता?"

त्यानं पंचा खांद्यावर टाकला, नारळ ठेवला, आणि त्याचा तो आवाज निघाला, देवळातला. एरवी भाजीचे भाव सांगितल्यासारखं बोलणारा सहदेव गाऱ्हाण्याला उभा राहिला की वीतभर उंच व्हायचा.

"बा देवा म्हाराजा! आज नवमीच्या दिसाक साकीनाक्याच्या ह्या पत्र्याच्या शेडीत तुझी लेकरां एक नारळ ठेवून उभी असत, तो मानून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या धन्यान बापाशीच्या मागे ह्यो कारखानो राखल्यान. तेका झोप नाय होती, ती आता लागाक लागली. ती तशीच ऱ्हवानदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" साहेबाचे डोळे पाणावले. हात आपोआप जोडले गेले.

"चार नंबरच्या डोक्यारचो पत्रो गळता, पाणी मोटारीर पडता. मोटारीक हात लावतलो तेका राख म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मागच्या दाराची कडी गंजली हा, ती उघडना नाय. आग लागान हय कोंडून मराची पाळी कोणार हाडू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि तीन नंबरची चावी झिजली हा म्हाराजा. पाय एकदा दिल्यार ती दोनदा पडता. थय आमची एक लेक बसता. तिची धाय बोटां धायच ऱ्हवानदे. चावी बदलना नाय तवसर त्या मशिनीर उघड्या हातान कोण बसाचा नाय, ह्यो शबूद आज आमी सगळे तुका देतंव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नऊ कोकणी आणि तीन बाहेरचे, सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं. गाऱ्हाण्याची लयच तशी असते, 'होय' तोंडात तयार बसलेलं असतं. कुंदानं म्हटलं. मी साहेबाच्या शेजारीच उभा होतो, त्याच्याही तोंडून निघालं. "म्हाराजा" त्यानं गिळलं, पण "होय" बाहेर पडलं होतं.

दसऱ्याची सुट्टी गेली. सहदेव कामावर आला, साहेबानं त्याला अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी टाळ्या वाजवून झाल्या आणि सगळे आपापल्या मशिनीवर बसले. कुंदा तीन नंबरच्या बाजूला उभीच.

"कुंदाबाई, बसा ना," साहेब म्हणाला.

"साहेब, होय म्हटलंय मी."

"अहो, ती प्रार्थना होती!"

"म्हणूनच," कुंदा म्हणाली. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं, पण देवाला दिलेला शब्द तिला आरशापेक्षा जड होता.

साहेबानं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. "नाही" कुणीच म्हटलं नाही, त्या शब्दाला बंदीच होती. मग साहेबानं एकदम बाह्या सारल्या आणि म्हणाला, "ठीक आहे. मी बसतो. तुमच्या मनातली भीती मीच काढतो."

तो तीन नंबरच्या स्टुलावर बसलासुद्धा. सहदेव टेबलावरून उठला, पिशवीत हात घातला आणि घरचा चिमटा काढला. प्रेमावहिनीचा, भाकरी परतायचा.

"ह्यो घेवा. शबूद तुमी पण दिलास साहेब. उघड्या हातान नाय."

साहेब हसला. "घाडी, तुमच्या समाधानासाठी." आणि चिमटा घेतला.

एक, दोन, तीन. पत्रा, ठोका, चिमटा. साहेबाला सवय नव्हती, पण हात चांगला होता. सगळ्या मशिनी बंद करून आम्ही भोवती उभे. तीस झाल्या. पन्नास झाल्या. साहेबाला रंग चढला. "कुठाय तुमचा दुसरा ठोका, घाडी?"

"येतलो. हजारात पाच म्हणाल्यात तुमीच. मारीत ऱ्हवा."

शंभर झाल्या. दीडशे. मला खरं तर वाटायला लागलं की आज सहदेवाचं हसं होणार. साहेबानं तर मध्येच चिमटा खाली ठेवला, म्हणाला, "बास झालं हे नाटक." सहदेवानं तो उचलून परत त्याच्या हातात दिला. तसाच धरून उभा राहिला, साहेब घेईपर्यंत.

त्यानंतर अकरावा की बारावा पत्रा असेल. साहेबानं पॅडल दाबलं, ठोका पडला, पाय काढला, चिमटा आत घातला आणि प्रेस पुन्हा खाली आली. कुणी पाय दिला नव्हता. खाड.

साहेबानं चिमटा बाहेर ओढला. त्याच्या चपट्या टोकाला, बिजागरीला पडतात तशी, दोन गोल स्वच्छ भोकं पडली होती.

साहेबानं चिमटा मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघितली. मग कुंदाकडं बघितलं. कुंदा खाली बसली होती, पदर तोंडात धरून.

"शिवदासला बोलवा," साहेब म्हणाला. "आत्ता."

शिवदास आला, क्लच उघडला, चावी काढली. तिच्या कडा चघळलेल्या खडीसाखरेसारख्या गोल झाल्या होत्या. "महिनाभर तरी असं चाललंय," तो म्हणाला. "वहीत कुणी लिहिलं कसं नाही?" कुणीतरी त्याला पिवळी वही दाखवली. त्यानं ती उलटसुलट केली. "ह्यात चहाचं आहे," तो म्हणाला.

दुपारी काळी वही कपाटातून निघाली आणि सुतळीला लागली. साहेबानं स्वतः गाठ मारली. भिंतीवरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या, सकाळच्या टाळ्याही राहिल्या. त्याची झोप त्यावर होती, ती आम्ही कशाला मोडू? कुंदाही आरशासमोर आपलं ते वाक्य म्हणून यायची आणि तीन नंबरवर बसायची. फक्त साहेबानं चार चिमटे आणून दिले होते, आणि माल कमी झाला तर चालेल म्हणून तोंडानं सांगितलं होतं.

घरी प्रेमावहिनीनं चिमटा बघून कपाळाला हात लावला. "ओ, आता भाकरी काय बोटांनी परतू?"

"बोटां असत मा? परत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटताना साहेब दारात उभा होता. सहदेवाला म्हणाला, "काय घाडी, आता तरी बरं वाटतंय ना?"

सहदेवानं विचार केला. खरंच विचार केला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बरा वाटता," तो म्हणाला. मी चाट पडलो. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. तो दोन पावलं पुढं गेला, थांबला, मान तिरकी करून आत बघितलं. "पण दोन नंबरचो आवाज माका बरो वाटना नाय."

दोन नंबरवर मी बसायचो. साहेब काळ्या वहीकडं गेला, खिशातलं पेन काढलं, आणि उभ्याउभ्याच लिहायला लागला.